खिडकीपाशीचा कॉम्प्युटर

“प्रत्येक कॉम्प्युटरला येगळं नाव पाहिजे. न्हाई तर एकमेकाला वळखायचेच न्हाईत,” विश्वंभर टेबलाखालून वायर ओढत म्हणाला.

“मग देवाची नावं ठेव,” संतराम म्हणाला. क्लास त्याचा होता, शिकवायचा विश्वंभर. सेनगावच्या स्टँडसमोर, खताच्या दुकानावरच्या माडीत. “बंद पडले तर पोरं शिव्या तरी देणार न्हाईत.”

विश्वंभरनं नावं टाकली. केशव. माधव. गोविंद. खिडकीपाशी शेवटचा उरला. तिथं त्याची बोटं थांबली, मग घाईघाईत त्यानं स्वतःचंच नाव टाकलं.

“आरं वा! सोताचंच घुसडलं व्हय?”

“तेबी इष्णूचंच नाव हाय. आज्यानं ठेवलं, मी न्हाई.”

टायपिंग शिकवणारी सुनिता मॅडम फळा पुसत होती. ती हसली नाही. पुसलेलाच फळा तिनं परत पुसला.

ती कनेरगाव नाक्याहून जीपनं यायची, भावाकडं राहायची. याहून जास्त घरचं काही बोलायची नाही. कुणी विचारलं की म्हणायची, “चाललंय.”

दुसऱ्या दिवसापासून माडीत देवांचा बाजार सुरू झाला. “मॅडम, माधव अडकला!” “मॅडम, गोविंदचा माऊस मेला!” सुनिताही तसंच बोलायची. “तू केशववर बस. माधवला हात लावू नको.” पण शेवटच्याची पाळी आली की तिची जीभ वळायची नाही. “त्या खिडकीपाशीच्यावर बस,” म्हणायची.

विश्वंभरच्या हे ध्यानात यायला वेळ लागला. संतरामच्या लगेच आलं.

“नाव घेत न्हाई ती तुझं,” जिन्यात गाठून तो म्हणाला. “माझ्या बायकोनं अजून माझं घेतलं न्हाई. ‘अवं, ऐकलं का’ म्हणूनच हाका मारून राहिली. बाया कुणाचं नाव घेत न्हाईत, तुला सांगायला पाहिजे का?”

“मालक, काहीबी नका बोलू.”

पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

त्याला कॉम्प्युटर कुणी शिकवला नव्हता. एक जुना डबा उघडून, बिघडवून, परत जोडून तो शिकला होता. माणसाचं मात्र असं उघडून बघता येत नाही. रोज तेच धडे, रोज लाईट जाणार, रोज पोरं सुरुवातीपासून विचारणार. घरी साखऱ्याला गेलं की आई मिराबाई पोरींची स्थळं घेऊन बसलेली. तो नुसता थकून गेला होता. त्या थकव्यात एवढी एकच गोष्ट गोड होती, की कुणीतरी आपलं नाव घेत नाही.

एकदा लाईट गेली. पोरं खाली चहाला पळाली. सुनितानं डबा उघडला, अर्धी भाकर अन् तिळाची चटणी त्याच्यापुढं सरकवली.

“सर, तुमची आई लई जुन्या वळणाची हाय का?”

“हाय जराशी. काहून?”

“असंच.”

त्यानं भाकर तोडली. मग सगळा धीर गोळा करून खिडकीकडं बोट केलं. “त्याचं नाव काहून घेत न्हाई तुमी?”

तिनं डब्याचं झाकण लावून टाकलं.

“घेईन,” ती म्हणाली. “येळ आली की घेईन.”

लग्नात घेतात तसं, विश्वंभरला वाटलं. पुढच्या स्थळाला त्यानं आईला सरळ नाही म्हणून टाकलं. त्याच्या पुढच्यालाही.

शेवटी मिराबाईनंच गाठलं. “वाशीमकडची पोरगी हाय, बारावी झालेली. मंगळवारी तिचा बाप येऊन राहिला. तुला कुणी पसंत असंल तर आत्ता सांग, बाबा. न्हाई तर त्या दिशी दुपारी फोन करून व्हय म्हण. मला आता चुली फुंकणं होईना.”

“सांगतो,” तो म्हणाला. मंगळवारी सकाळी सुनिताला विचारायचं, त्यानं ठरवलं.

सोमवारी ती रजेवर होती. मंगळवारी आली ती उशिरा, नवी साडी नेसून. विश्वंभर दारातच उभा होता. तोंड उघडणार, तेवढ्यात एक पोरगी मध्ये घुसली.

“मॅडम, मी कुठं बसू?”

“विश्वंभर रिकामाच हाय की,” सुनिता म्हणाली. “बस विश्वंभरवर.”

सगळी पोरं खो खो हसली. तीही हसली. मोकळी, मोठ्यानं. तिला असं हसताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

केशव, माधव, गोविंद, तसंच विश्वंभर. जिभेवरून सरकन निघून गेलं. तिला काहीच वाटलं नाही.

“सर, मला जरा तुमच्यासंगं...” ती म्हणत होती.

“मंग बोलू,” म्हणून तो जिना उतरला.

समोरच्या एसटीडीवरून त्यानं साखऱ्याला शेजाऱ्यांकडं फोन लावला. आईला बोलावून आणलं.

“व्हय म्हण,” तो म्हणाला.

“बराबर ना? मागून फिरायचं न्हाई. सुपारी फोडू का?”

“फोडा.”

फोन चालूच होता. आई ओरडत परत गेली, मग घराकडून माणसांचा गलका ऐकू आला, कुणीतरी गूळ आणायला पोरगं पिटाळलं. त्यानं फोन ठेवला. वाईट वाटायला हवं होतं. नुसतं बसावंसं वाटलं.

जिन्याच्या पायरीवर संतराम पेढ्याचा पुडा घेऊन उभा होता.

“घे. सुनिता मॅडमचे हायेत.”

“कशाचे?”

“फारकत झाली तिची काल, हिंगोलीच्या कोर्टात. तिचं लग्न झालेलं, हेच मला आज कळलं! नवऱ्यानं टाकलेली, किती साल तारखा करून राहिली बिचारी. वर जा, मघापासून तुला हुडकून राहिली.” त्यानं एक पेढा तोंडात टाकला. “आन गंमत ऐक. त्या नवऱ्याचं नावबी विश्वंभरच.”