अर्ध्यात सोडलेली चाल

दुपारच्या झोपेतून जाग आली तेव्हा माणिकरावाच्या कानावर स्वतःच्याच अंगणातून मयताची चाल येत होती. त्यानं आधी आपलं नाक दाबून पाहिलं. जीव गुदमरला, तसं बरं वाटलं. म्हणजे आपण नाही. मग कोण?

कुरुंदा गावात ही पाच सुरांची चाल एकाच कामाची. माणसाला शेवटचं उचललं की भजनी मंडळ ती धरतं, अन् मंडळाचा म्होरक्या माणिकरावच. पेटी नाही, तंबोरा नाही, नुसते टाळ. गेलेल्याच्या पायाखाली जमीन नसते, मग सुराखाली तरी कशाला, असा रिवाज. दुसरा रिवाज याहून कडक. चाल धरली की शेवटापर्यंत न्यायची. अर्ध्यात सोडली तर ती धरणाऱ्यालाच मागते.

माणिकराव धोतर सावरत ओसरीवर आला. पायरीवर त्याची नात आरोही बसलेली, नांदेडलाच वाढलेली, कॉलेजातून सुट्टीला आलेली. मांडीवर खेळण्याएवढी गिटार, चार तारांची. पोरगी चाल वर चढवायची, खाली उतरवायची, अन् शेवटच्या सुरावर आली की जीभ चावून थांबायची. मग परत पहिल्यापासून.

अर्ध्यात. दर वेळी अर्ध्यात! माणिकरावाच्या तळपायांना घाम फुटला.

"हे कुठून आणलंस, पोरी?"

"हे युकुलेले, आबा. अन् हे पाच सूर बाली बेटावरचे, समुद्रापलीकडचे. मोबाईलवर शिकले. खाली कॉर्ड लावतेय, म्हणजे एका सुराखाली आणखी दोन-तीन सूर. पण शेवट बसतच नाही. सी मायनर कॉर्ड धरली की सगळं विझल्यासारखं वाटतं."

"समुद्रापलीकडं?" माणिकराव मटकन खाली बसला. "तिकडं आपलं कोण मेलं होतं?"

तेवढ्यात फाटक वाजलं. हळद शिजवायचा हंगाम, गाव सगळं शिवारात. पण चाल ऐकून माणसं चुली सोडून धावली. कढईतली वाफसुद्धा त्या दिवशी जागच्या जागी उभी राहिली म्हणतात. शेजारचा संतराम तर तिरडीचे बांबू खांद्यावर टाकूनच आला. ओसरीवर माणिकरावाला बसलेला पाहून त्याच्या हातून बांबू सुटला, पायावर पडला, तरी गडी ओरडला नाही.

"काका, तुमी हितं? मंग आत कोण हाय?"

"कोणी न्हाई. पोरीनं धरली चाल."

"अन् शेवट?"

"न्हाई केला."

अख्खं अंगण एक पाऊल मागं सरलं. सगळे डोळे आरोहीवर.

"काय झालं? मी काय केलं?" आरोहीचा आवाज चिरकला.

माणिकरावानं नातीच्या गळ्याकडं पाहिलं. तिथली नस उडत होती.

"वाजव," तो म्हणाला. "पहिल्यापासून. म्या म्हणतो."

टाळकरी हरिचंद पुढं झाला. "माणिकदादा, काहून असं करून राहिले? जित्या माणसानं सोताची चाल..."

"लेकराच्या अंगावरची बला माझ्यावर घेतो. टाळ धर तू."

माणिकरावानं कानावर हात ठेवला अन् चाल उचलली. गावातल्या किती जणांना त्यानं वाटेला लावलं होतं, पण आवाज असा कधी लागला नव्हता. शेवटचा सा आला. त्यानं तो लांबवला, सोडायचं धाडसच होईना. आरोहीनं ऐकलं, अन् चार तारांवर बोटं हळूच वर सरकवली. सी मायनरऐवजी दुसरीच कॉर्ड, ए-फ्लॅट मेजर.

सा तोच. पण त्याच्याखाली कुणी सतरंजी अंथरावी तसं झालं. मयताची चाल सरळ लग्नघरात जाऊन टेकली. हरिचंदचे टाळ हवेतच राहिले.

आता सगळे माणिकराव पडायची वाट पाहू लागले. माणिकरावही डोळे मिटून पाहत राहिला.

पडला नाही.

डोळे उघडले तर फाटकात आशाबाई, त्याची बायको. शेतातून आणलेली, दोन बाजूंनी दोन बायांनी धरलेली. कपाळ कोरं. बायांनी वाटेतच कुंकू पुसलं होतं.

"अगं, म्या हाय," माणिकराव म्हणाला.

आशाबाईनं बायांचे हात झटकले. नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दिसून राहिलं," ती म्हणाली. "पण माझं वाटेतच रडून झालं. आता दुसऱ्यांदा म्या न्हाई रडणार, सांगून ठिवते."