दिशेचा प्रश्न

भोर संस्थानात मास्तरकीची तोंडी परीक्षा होती. गेनू निघाला तेव्हा थोरल्या भावानं, म्हादूनं, पुन्हा एकदा बजावलं, “परश्न कसला हाय ते आधी वळख. नात्याचा आला तर आपला गोतावळा आठव. दिशेचा आला तर डोळं मिट आन् आपला गाव म्होरं आण. फकस्त आपल्यावानी ‘वर’, ‘खाली’ म्हणू नगंस. तितं पूर्व-पश्चिम म्हणत्यात.”

नात्याचा प्रश्न गेनूनं हातोहात सोडवला. परीक्षा घेणारे साहेब खूश झाले. म्हणाले, “आता हे सांग. एक माणूस देवळापासून पूर्वेला विहिरीपर्यंत गेला. तिथून उत्तरेला वडापर्यंत गेला. वडापासून पश्चिमेला तेवढाच चालला, जेवढा आधी पूर्वेला चालला होता. आता देऊळ त्याच्या कोणत्या दिशेला?”

हा दिशेचा! गेनूनं लगेच ओळखलं आणि डोळे मिटले. भैरोबाचं देऊळ आलं, पाणवठ्याची विहीर आली, आई दरसाल ज्याला सूत गुंडाळायची तो वडही आला.

“खाली,” तो म्हणाला.

साहेबांना हसू आवरेना. “अरे, खाली ही काय दिशा झाली? तू उभा आहेस तरी कुठं?”



“होडीत, साहेब. औंदा गावावर धरणाचं पाणी चढलं.”