कमलेशमामाचा सल्ला

"आर्मी, नेवी की एअरफोर्स, एवढंच ठरायचं हाय. ठरलं की फॉर्म भरते," समिधा म्हणाली आणि तिच्या बापाच्या, नागूच्या हातातला घास हातातच राहिला.

बारावीला चांगले मार्क पडले तर म्हणशील ते करू देईन, असं त्यानं अख्ख्या पोशीर गावाला ऐकू जाईल अशा आवाजात कबूल केलं होतं. मार्क पडले. आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. आणि हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली पोर, पाठीवर दुसरं कुणी नाही.

त्या दिवसापासून नागूचं बूड एका जागी टेकेना. बांध बघतो म्हणून शेतावर जाई आणि न बघताच परत येई.

"पायाला भिंगरी बांधल्यागत काय करताय?" त्याची बायको गौराबाई म्हणाली.

"ती कशात जाईल, तुला काय वाटतंय?"

"तिचं तिला ठरवू द्या की."

पण समिधाचं ठरतच नव्हतं. सकाळी आर्मी, दुपारी एअरफोर्स. नेवीचं नाव निघालं की नागूच आधी बोलायचा, "पाण्यात नको." ती नुसती मान हलवायची.

शेवटी नागूला गौराबाईचा चुलतभाऊ आठवला. कमलेश फौजेतून हवालदार होऊन परतला होता. खालापूरला टोलनाक्याच्या अलीकडं त्याचं घर, आणि भरतीची तयारी करणारी पोरं सदा त्याच्या दारात. समिधा मैत्रिणीकडं म्हणून खोपोलीला गेली, ती वेळ साधून नागूनं त्याला फोन लावला.

"कमलेश, रविवारी पोरीला घेऊन येतो. सल्ला दे तिला. पण असा दे की तिन्हीतलं एकबी नको वाटलं पाहिजे."

पलीकडं फोनवर खुटखुट झाली. मग कमलेश म्हणाला, "दाजी, जरा मोठ्यानं बोला. नीट ऐकू आलं नाय."

"भीती घाल म्हणतो तिला! सणसणीत! माझं नाव मधी येऊ देऊ नको फक्त."

"घालतो की," कमलेश म्हणाला.

रविवारी बाप-लेक मोटरसायकलवरून निघाले. कर्जत मागं पडलं तशी समिधाची बडबड वाढली. वर्दी कुणाची छान, सुट्टी कुणाला जास्त. नागू हूं हूं करत होता. आज ही बडबड बंद होणार, हे त्याला ठाऊक होतं.

चहा झाला. कमलेशनं मिशीवरून हात फिरवला.

"आर्मी म्हणशील तर थंडीत नखं काळी पडतात, बाय. पाठीवर वजन घेऊन चढायचं. रडलीस तरी आसू गालावर गोठतो. एअरफोर्स? विमानात बसायला मिळंल असं वाटतं? धावपट्टीवर उन्हात उभं राहायचं. तुझा एक बोल्ट ढिला राहिला की वरचा माणूस गेला."

"आणि नेवी?" समिधानं बारीक आवाजात विचारलं.

"नेवीचं तर नावच काढू नको. जहाज हललं की पोटातलं सगळं बाहेर. महिनोन्महिने जमीन दिसत नाय. इकडं आई अंथरूण धरून बसली तरी भर समुद्रात उतरणार कुठं?"

समिधानं ओढणी डोळ्यांना लावली. खांदे हलायला लागले.

"मामा, मला नाय जमायचं," ती म्हणाली.

"नाय तर नाय. दाजी, एखादं स्थळ बघा हिच्यासाठी. संपला विषय."

नागूला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. एवढी मोठी झाल्यापासून पोरीला रडताना त्यानं पाहिलंच नव्हतं.

येताना मागच्या सीटवर आवाज नाही. कर्जतला वडापाव घेऊ म्हणाला, तर नको. गावाजवळच्या पुलावर नागूला राहवेना. त्यानं गाडी बाजूला घेतली. खाली नदी शांत वाहत होती.

"भितेस काय गं एवढी?"

"मामा सांगत होते ना."

"त्या मामाला काय कळतंय पाण्यातलं? गुडघाभर पाण्यात घाम फुटतो त्याला! पुरात शेजारच्या ठकीचं रेडकू वाहून चाललं होतं, कुणी काढलं? गाव काठावर उभं राहिलं आणि तू उडी टाकलीस."

"ती नदी होती बाबा. समुद्र मोठा असतो."

"पाणी ते पाणी. तुला पाण्याची भीती कधी होती?"

"तुमीच म्हणत होता, पाण्यात नको."

"होतो म्हणत. मला वाटायचं, तू लांब गेलीस तर घरात करमायचं कसं. ते माझं दुखणं, तुझं नाय." नागूचा आवाज चिरकला. "आता मीच सांगतो, जा. नेवीतच जा."

समिधानं कठड्यावरून वाकून खाली नदीकडं पाहिलं.

"आई काय म्हणंल?"

"आईला मी बघतो."

"बरं," ती हळूच म्हणाली. "तुमी म्हणताय म्हणून."

दुसऱ्या दिवशी नेरळला जाऊन तिनं फॉर्म भरला. नागू सोबत होता. किती तरी दिवसांनी त्याला पोटभर जेवण गेलं. जेवून तो अंगणात आला आणि ओशाळल्या मनानं त्यानं कमलेशला फोन लावला.

"कमलेश, रागावू नको. तुझी सगळी मेहनत फुकट घालवली मी. मीच तिला समजावलं. पोर नेवीत जायला तयार झाली."

कमलेश हसायला लागला, तो थांबेचना.

"फुकट कशी जाईल, दाजी? त्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा समिधा माझ्या पुढ्यातच बसलेली, नेवीत जायचं पक्कं करून. स्पीकरवर तुमचं बोलणं ऐकलं आणि मला म्हणाली, 'मामा, बाबा सांगतायत तसंच करा. रडायचं काम माझ्याकडं.'"