अगदी अस्संच

धारणे सरांनी नाशिकमध्ये चाळीस वर्षं नाटक शिकवलं. त्यांची रीत एकच. वाक्य आधी ते म्हणून दाखवायचे, मग आम्ही म्हणायचं. "अगदी अस्संच!" असं त्यांच्या तोंडून निघेपर्यंत, पन्नास-पन्नास वेळा. रडू फुटलं तरी सुटका नाही.

पंचवटीत जिथे तालमी व्हायच्या, त्याच हॉलमध्ये त्यांची शोकसभा झाली. येवल्याहून रिझवान आला, चांदवडहून नाझिया. आम्ही अकरा जण एकामागून एक उठलो आणि सरांबद्दल बोललो. समोरच्या खुर्चीत काकू होत्या, सरांच्या पत्नी. त्यांची दृष्टी गेली त्याला आता सहा वर्षं झाली. सभेला येताना त्या गाडीत सारख्या रडत होत्या. भाषणं सुरू झाली तशा मात्र शांत झाल्या, मधूनमधून हसूही लागल्या. चला, पोरांनी काकूंना धीर दिला, असं मला वाटलं.

सर्वांत शेवटी मी बोलले. मग खाली उतरून काकूंजवळ गेले.

"निघू या का?"

काकूंनी पदर सावरला आणि माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"अहो, तासभर तुम्ही एकटेच बोलताय. आता पोरांनाही बोलू द्या की!"