तिसरी बरणी

शालूनं पिशवीतून काचेच्या तीन बरण्या काढल्या आणि गिरजाबाईच्या ओसरीवर ओळीनं मांडल्या. शालू गावची आरोग्यसेविका. औषधाच्या चाचणीचा अहवाल भंडाऱ्याला जाईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. तिनं मान डोलावली आणि सरळ इकडे आली.

"ह्या धानाच्या बांधीतल्या अळ्या, आजी. ह्या नालीतल्या. अन् ह्या तुमच्या रांजणातल्या. तिन्ही मच्छर येगळे. दवा मात्र एकच, सारखीच टाकली. काल सकाळी."

पहिल्या दोन बरण्यांत अळ्या चहाच्या भुकटीसारख्या तळाशी बसल्या होत्या. तिसरीत लगबग चालली होती. वर येत होत्या, खाली जात होत्या. मेल्यांना कसली घाई होती कोण जाणे.

गिरजाबाई बघत राहिली. नात जाऊन अठरा दिवस झाले होते. डेंगू, असं दवाखान्यात म्हणाले. गुड्डीची चप्पल अजून दारातच होती; ती उचलायची हिंमत घरात कोणाला झाली नव्हती.

"पहिल्या खेपेची दवा मीच फेकली," ती म्हणाली. येईल त्याला ती हेच सांगायची. "पाण्याले वास येते म्हणे गुड्डी. म्हणून सारं पाणी सांडलं. मीच मारलं तिले."

"नाही, आजी. तेच दाखवाले आली मी. तुमच्या रांजणातला मच्छर ह्या दवानं मरतच नाही. फेकलं नसतं तरी मेला नसता." शालूनं तिसरी बरणी पुढे सरकवली. "तुमची काहीच चूक नाही."

आता तरी म्हातारी मोकळेपणी रडेल, असं तिला वाटलं होतं. गिरजाबाई रडली नाही. तिनं तिसरी बरणी उचलून उन्हात धरली.

"दवा यायच्या पहिले मी दर मंगळवारी रांजण रिकामा करून राखेनं घासत होती," ती हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर शालूला सोसला असता. "पाणी फेकलं तवा तू रागावली. मंग तुनं दुसऱ्यांदा दवा टाकली, अन् तवापासून मी रांजण घासलाच नाही."

शालूनं मान वळवली.

रांजणामागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं. अक्षर तिचंच होतं.

औषध टाकले आहे. पाणी फेकू नये.