चपलांपाशी

“देवाला खरं सांगून टाकायचं. तो पोटाशी धरतो, शिक्षा करत नाही,” रणभिसे सर संडे स्कूलच्या मुलांना सांगत होते. तेवढ्यात छोटी सलोमी उठून उभी राहिली.

“सर, पेटीचा भाता मीच फाडला. सूर कुठून येतात ते बघत होते.”

पेटी सरांच्या वडिलांची होती. सरांचं डोकंच फिरलं. “नसते उद्योग! चल, बाहेर हो आधी!”

सलोमी मुकाट्याने जाऊन दाराबाहेर चपलांपाशी उभी राहिली. सरांनी घसा खाकरून धडा पुढे सुरू केला. “तर मुलांनो, देव...” मुलं एकदा त्यांच्याकडे, एकदा दाराकडे बघत होती. इतकी वर्षं आपण नेमकं काय शिकवलं, असं त्यांना वाटून गेलं. खडू ठेवून ते खालमानेने बाहेर आले आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले.

सलोमीने डोळे पुसत वर पाहिलं. “सर, तुम्हाला कुणी बाहेर काढलं?”

“मीच,” सर पुटपुटले.

ती जरा सरकली. “मग इकडे सावलीत या.”