भिंतीपलीकडचं नेटवर्क

सकाळपासून घरचं नेट बंद, आणि दुपारच्या आत नकाशे पाठवले नाहीत तर हातचं काम जाणार! आसपास एखादं उघडं वाय-फाय मिळेल म्हणून लॅपटॉपमधली तीन सॉफ्टवेअर चालवून पाहिली. एकात सिग्नलच्या नुसत्या दांड्या, दुसऱ्यात रंगीत आलेख, तिसरं मेलं सारखं अडकतंय. पण तिन्हींत पहिला नंबर एकाच नेटवर्कचा, माझ्या थोरल्या भावाच्या. वाटणीत मधे भिंत घातल्यापासून आम्ही एकमेकांचं तोंड पाहत नाही.

"अहो, मग तेच जोडा ना," बायको म्हणाली.

"खड्ड्यात गेलं ते! दादाने पासवर्ड कधीच बदलला असेल."

तिने लॅपटॉप ओढून घेतला आणि एकत्र घरातला जुनाच पासवर्ड टाकला: दादाने ठेवलेलं माझं लाडाचं नाव.



पहिल्याच फटक्यात जोडलं गेलं.